जुन्या सिनेमाच्या वेड्यांनी एकत्र कसं बसावं

आमच्या कट्ट्याच्या पहिल्या शनिवारी चौदा माणसं आली होती. प्रत्येकाने आपला आवडता सिनेमा आणि आवडता नट सांगायचा, एवढंच ठरलं होतं. कुणी ‘पिंजरा’ म्हणालं, कुणी ‘जगाच्या पाठीवर’, तिघांनी ‘श्यामची आई’ सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या, ‘आता असे सिनेमे होत नाहीत’ हे दोनदा म्हणून झालं आणि वीस मिनिटांत बोलणं आटलं. चहा अजून गाळायचा होता.

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘मला बाई ती तुकारामाची बायको आवडते.’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ‘संत तुकाराम’मध्ये आजारी पोराला घेऊन आवली देवळात जाते आणि विठोबावर चप्पल उगारते, तो प्रसंग त्यांनी उभं राहून सांगितला. हात कसा वर गेला, आवाज कसा चिरकला, आणि लहानपणी जत्रेतल्या तंबूत तो बघताना त्यांच्या आईने पदर तोंडाला कसा लावला, सगळं. खोलीत कुणी हललं नाही. मग मात्र ज्याला त्याला आपापला प्रसंग आठवायला लागला आणि दिवेलागण झाली तरी कुणी उठेना.

गेली नऊ वर्षं साताऱ्यात आमचा कट्टा महिन्यातून एकदा भरतो, तो काकूंच्या त्या दहा मिनिटांच्या जोरावर. नुसतं नाव सांगून आपली आवड दुसऱ्याला लागत नाही, प्रसंग समोर ठेवला की लागते. आपल्या गावात, सोसायटीत किंवा घरातल्या घरात असं काही सुरू करायचं मनात असेल, तर आम्ही कसं करतो ते सविस्तर लिहिते.

माणसं, वेळ आणि बैठक

आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की बोलणारे चार आणि ऐकणारे बाकीचे, असं होतं आणि ऐकणारे तिसऱ्या महिन्यापासून येईनासे होतात. त्यांत निदान दोघं तरी पंचविशीच्या आतले हवेत, हा माझा आग्रह आहे. सत्तरीचा माणूस सत्तरीच्या माणसाला सिनेमा सांगताना अर्धं गृहीत धरतो. समोर कॉलेजातली मुलगी बसली की त्याला तमाशाचा फड म्हणजे काय, सोंगाड्या म्हणजे कोण, इथपासून सांगावं लागतं आणि तिथेच त्याचं सांगणं रंगतं.

आम्ही शनिवार धरला, कारण दूरदर्शनवर मराठी सिनेमा शनिवारी संध्याकाळी लागायचा आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या अंगात ती वेळ अजून आहे. साडेचारला सुरू करतो, आठच्या आत संपवतो. म्हाताऱ्या माणसांना अंधारात एकटं घरी जायला नको वाटतं, शिवाय रात्रीच्या गोळ्यांच्या वेळा असतात. बैठक खुर्च्यांची ठेवा. सतरंजीवर बसायची हौस सगळ्यांना असते, पण तासाभरात गुडघे बोलायला लागतात आणि सिनेमावरचं लक्ष उडतं.

घर आळीपाळीने. ज्याच्या घरी बैठक, त्याने फक्त चहा करायचा. खायचं दुसऱ्या कुणीतरी आणायचं, तेही एकच काहीतरी: पोहे, नाहीतर भडंग. एकदा एका घरी पुरणपोळीचा बेत झाला, पुढच्या घरच्या बाईंना दडपण आलं आणि त्या महिन्याची बैठकच झाली नाही. तेव्हापासून हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

एक माणूस, एक प्रसंग

एका बैठकीत तीन माणसांनी बोलायचं. प्रत्येकाने एकच प्रसंग आणायचा, तीन ते पाच मिनिटांचा. आधी दोन मिनिटं तोंडी सांगायचं की गोष्ट कुठवर आली आहे आणि समोरची माणसं कोण आहेत. मग प्रसंग दाखवायचा, मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. मग आपल्याला त्यात काय दिसलं ते सांगायचं आणि लगेच तोच प्रसंग पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा दाखवणं कधीही गाळू नका. पहिल्यांदा लोक गोष्ट बघतात, दुसऱ्यांदा नटाकडे बघतात.

तयारी घरी करावी लागते. प्रसंग नेमका कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि कुठे संपतो ते कागदावर लिहून आणा. ‘जरा पुढे घ्या, अजून पुढे, छे, मागे गेलं’ यात दहा मिनिटं जातात आणि सगळी हवा निघून जाते. प्रसंग निवडताना शक्यतो गाजलेलं गाणं किंवा टाळ्यांचा संवाद टाळा, कारण तो सगळ्यांना पाठ असतो आणि पाठ असलेली गोष्ट माणूस नीट बघत नाही.

नव्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. त्याला मी सांगते, तीन गोष्टी बघून या: नटाचे हात काय करतायत, जो बोलत नाही त्याचा चेहरा कसा आहे, आणि संवाद सोडून दुसरा कुठला आवाज येतोय. एवढ्यावर दहा मिनिटं सहज बोलता येतं. गेल्या वर्षी बारावीतला एक मुलगा फक्त हातांवर बोलला आणि पंचाहत्तरीचे काका म्हणाले, ‘पन्नास वर्षं हा सिनेमा बघतोय, हे दिसलंच नव्हतं.’

दर दोन महिन्यांतून एकदा मात्र पूर्ण सिनेमा बघावा. तुकडेच बघत राहिलं तर सिनेमाची सवय मोडते.

पहिल्या वर्षी कोणते सिनेमे

मी आमचीच यादी देते, कारण ती चालली हे मला ठाऊक आहे. यातला एकेक सिनेमा आम्ही दोन महिन्यांनी पूर्ण बघितला.

सुरुवात ‘संत तुकाराम’ने करा. १९३६ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. मुंबईत तो एकाच टॉकीजला वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण यादीत तो पहिला घेतला तो या मानापायी नव्हे. घरातल्या आजीला तो भक्तीसाठी आवडतो, देवाधर्माशी घेणंदेणं नसलेल्या नातवाला आवलीसाठी आवडतो आणि दोघांचं पहिल्याच दिवशी खरं भांडण होतं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले होते. हे सांगून त्यांचं चालणं आणि मान कलती ठेवणं बघायला लावा. आवली झालेल्या गौरी याच्या अगदी उलट, पाय घट्ट रोवून उभ्या राहणाऱ्या. एक माणूस जमिनीपासून थोडा वर, दुसरी जमिनीवर. दोघांच्या संसाराची सगळी ओढाताण त्या उभं राहण्यात आहे.

दुसरा ‘कुंकू’, १९३७. व्ही. शांताराम दिग्दर्शक, शांता आपटे आणि केशवराव दाते. फसवून म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मान्य न करणारी मुलगी, ही कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे असेल त्याचाच आवाज. आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करा: पाच मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून फक्त ऐकायचं आणि काय काय ऐकू आलं ते कागदावर लिहायचं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक प्रत्येकाच्या कागदावर असते, आणि ते घड्याळ त्या म्हाताऱ्याच्या मनात काय करतंय ते मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केशवराव दात्यांवर रागवायचं की त्यांची कीव करायची, यावर आमच्याकडे बायका आणि पुरुष असे तट पडले होते. पुढच्या बैठकीत ते तट उलटे झाले.

नंतर ‘सांगत्ये ऐका’, १९५९, अनंत माने. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो १३१ आठवडे चालला. या सिनेमाला एक लांब धागा आहे आणि तो ओढण्यात फार मजा येते. यातल्या हंसा वाडकरांनी पुढे आपली जीवनकहाणी सांगितली, तिचं शब्दांकन अरुण साधूंनी केलं आणि पुस्तकाला सिनेमाचंच नाव मिळालं. त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला, त्यात स्मिता पाटील. आणि याच अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर, ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’, जब्बार पटेलांचा १९७९ चा ‘सिंहासन’ उभा आहे. तमाशापटावरून निघालेली बैठक मंत्रालयात जाऊन पोचते. असे धागे हाताशी असले की पुढच्या महिन्यात काय बघायचं हा प्रश्न पडत नाही.

चौथा ‘पाठलाग’. राजा परांजप्यांनी १९६४ साली केलेला, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत बघा आणि कोर्टातला एकच प्रसंग दोन्हींतून काढून शेजारी ठेवा. हिंदीच्या मोठेपणाने आपण उगाच दबून असतो. इथे मराठी आधी आला आणि हिंदी मागून आला, हे तरुण मुलांना कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग ‘जगाच्या पाठीवर’, १९६०: राजा परांजपे, सीमा, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. याबद्दल मी काही सांगणार नाही. सगळे गात बसतील, बसू द्या. वर्षाच्या शेवटी ‘सामना’, म्हणजे तोवर माणसं एकमेकांशी मतभेद करायला सरावलेली असतात.

‘सिंहासन’ पहिल्या वर्षी नको. मला तो अतिशय प्रिय आहे, पण पात्रं इतकी आहेत की नवा माणूस मध्यंतरापर्यंत ‘हा कोण, तो कोण’ करत राहतो.

पडदा आणि आवाज

या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग ‘जुने सिनेमे बघवत नाहीत’ म्हणतात. आम्ही पहिल्यांदा ‘कुंकू’ लावला तेव्हा शांता आपट्यांचा चेहरा रुंद आणि बसका दिसत होता. चाळीस मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी आमच्यातले एक निवृत्त फोटोग्राफर काका उठून म्हणाले, ‘ही बाई अशी नव्हती हो.’ जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, चारास तीन या मापाचा. आताचा टीव्ही सोळास नऊ. टीव्ही आपल्या मनाने चित्र ताणून सगळी काच भरून टाकतो. सेटिंगमध्ये पिक्चर साइज किंवा ॲस्पेक्ट रेशो असं काहीतरी असतं, तिथे ४:३ किंवा ओरिजिनल निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले पाहिजेत. ते आले म्हणजे चित्र बरोबर आहे. ओळखायची सोपी खूण: पडद्यावर गाडीचं चाक, ताट किंवा घड्याळ दिसलं की ते गोल आहे का बघा.

दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय नव्या टीव्हीत असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती बंद करा. तिने सिनेमा मालिकेसारखा दिसतो. रंग आणि उजेड यांसाठी ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ हा प्रकार निवडा आणि खोलीत मागच्या बाजूला एक मंद दिवा राहू द्या. पूर्ण अंधारात म्हाताऱ्या माणसांना उठताना धोका असतो.

आवाजाचं दुखणं जास्त मोठं. जुन्या सिनेमांचा आवाज एकाच वाटेने येतो आणि त्यात खरखर असते. लोक आवाज वाढवतात, खरखरही वाढते. त्यापेक्षा बास कमी करा, बोलणं स्पष्ट करणारा ‘स्पीच’ किंवा ‘व्हॉइस’ प्रकार असेल तर तो लावा, एकच स्पीकर टीव्हीच्या मधोमध खाली ठेवा आणि पंखा एक आकडा कमी करा. पंख्याचा तर फारच फरक पडतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पहिल्या रांगेत मधे बसवा, कडेला नको.

सिनेमा इंटरनेटवरून लावणार असाल तर एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती मिळतात आणि त्यांतल्या काही कापलेल्या असतात. गाणीच्या गाणी गायब. सगळ्यांची लांबी मिनिटांत लिहून घ्या, सगळ्यात लांब प्रत उघडा, सुरुवातीची श्रेयनामावली पूर्ण आहे का आणि शेवटची पाटी येते का ते बघा. बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच केबलने, दहा मिनिटं चालवून पाहा.

घरात बसून बघणं वेगळं आणि हॉल घेऊन, बोर्ड लावून लोकांना बोलावणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कदारांची परवानगी लागते, आणि ओटीटीची वर्गणी ही घरच्या बघण्यापुरती असते. आपल्या कायद्याप्रमाणे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, पण आतल्या गाण्यांचा आणि कथेचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं असतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे हिशेब करून बघा. वाचनालयात किंवा मंडळात दाखवायचं असेल तर आधी जाणकाराला विचारा.

आवडत्या नटाबद्दल बोलायचं तर दोन सिनेमे घ्या

‘माझा आवडता नट’ या विषयावर बोलणारा माणूस बहुधा एकाच भूमिकेच्या प्रेमात असतो. म्हणून आमचा नियम असा की नटाबद्दल बोलायचं असेल तर त्याचे दोन सिनेमे आणायचे आणि दोन्हींतला एकेक प्रसंग लागोपाठ दाखवायचा.

निळू फुले घ्या. आमच्यातल्या एक मावशी स्पष्ट म्हणाल्या, ‘मला तो माणूस बघवत नाही, लहानपणी त्याची भीती वाटायची.’ त्यांचं खरंच आहे. पाटील, सरपंच, साखरसम्राट म्हणून त्यांनी पडद्यावर जे केलं त्याने गावोगावच्या बायका धसकल्या होत्या. आम्ही आधी १९७५ चा ‘सामना’ लावला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. निळू फुले हिंदुराव धोंडे-पाटील आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा लागूंकडे न बघता फक्त हिंदुरावांकडे बघायचं, असं मी मावशींना सांगितलं. आवाज चढत नाही. पाहुण्याची सरबराई चालूच राहते. फक्त डोळ्यांतलं आदरातिथ्य हळूहळू विझत जातं.

लगेच ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस दाखवला. तोच माणूस, पण इथे हातात सत्ता नाही, फक्त डोळे आहेत. सगळ्यांचं ऐकतो, सगळं बघतो आणि आतून पोखरत जातो. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हा तर बिचारा आहे गं.’ त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की निळू फुले राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते आणि सिनेमात येण्याआधी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. ही माहिती प्रसंगाच्या आधी सांगितली असती तर कोरडी राहिली असती. चरित्र नेहमी प्रसंगानंतर सांगा.

लागूंसाठी ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ ही जोडी घ्या. दोन्हीकडे मास्तर. १९७२ च्या पहिल्या सिनेमात मास्तर आपल्या आदर्शाच्या उंचीवरून खाली येतो, तीन वर्षांनी दुसऱ्यात सुरुवातीलाच खाली असलेला मास्तर एका प्रश्नापुरता उभा राहतो. ‘सामना’तली त्यांची चाल आणि ‘पिंजरा’च्या पूर्वार्धातली चाल एकापाठोपाठ बघा.

जयश्री गडकरांसाठी ‘सांगत्ये ऐका’ आणि १९६५ चा ‘साधी माणसं’. एकीकडे फडावरची नाचणारी, दुसरीकडे लोहाराची बायको, सूर्यकांतांबरोबर. भालजी पेंढारकरांच्या या सिनेमाला संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचंच. हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नसतं आणि सांगितलं की लोक दोनदा विचारतात. ‘ऐरणीच्या देवा’ गाणं सगळ्यांचं पाठ आहे, म्हणून ते आवाज पूर्ण बंद करून बघा. भाता, ऐरण आणि तिचा चेहरा. गाणं कानाआड झालं की बाई किती थोडक्यात काम करते ते दिसतं.

वाद होतील. शांता आपटे मोठ्या की शांता हुबळीकर, राजा परांजपे नट मोठे की दिग्दर्शक. होऊ द्या, फक्त एक अट ठेवा: मत मांडणाऱ्याने प्रसंग दाखवला पाहिजे. प्रसंग हाताशी नसेल तर पुढच्या महिन्यात आणायचा आणि तोवर वाद तहकूब.

आठवणी कशा विचाराव्या आणि जपाव्या

या सगळ्या उद्योगातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. सिनेमे कुठे ना कुठे मिळतील, ते बघितलेली माणसं मात्र एकेक करून जातायत. आमच्या कट्ट्यातले चौघं या नऊ वर्षांत गेले. त्यांतल्या दोघांचं बोलणं आमच्याकडे आहे, दोघांचं नाही, आणि ती रुखरुख मला आहे.

‘त्या काळाबद्दल काहीतरी सांगा’ असं म्हटलं की म्हातारं माणूस गोंधळतं आणि चार ठरावीक वाक्यं बोलतं. बारीक विचारा. कोणत्या टॉकीजला बघितला? बरोबर कोण होतं? पायी गेलात की बैलगाडीने? घरी सांगून गेलात का? तिकीट किती होतं आणि पैसे कुणी दिले? पिटात बसलात की खुर्चीवर? बायकांसाठी वेगळी बाजू होती का? रीळ तुटलं तर लोक काय करायचे? बाहेर गाण्याचं पुस्तक मिळायचं, ते घेतलंत का? या शेवटच्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. त्या चार पानी पुस्तकाचं नाव काढलं की माणसं हमखास खुलतात. कुणी उठून कपाटातून ते काढूनच आणतं.

फोनवर रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या आणि फोन टेबलावर टॉवेलच्या घडीवर ठेवा, नाहीतर कपबशीचा आवाज सगळ्यावर चढतो. एका वेळी वीस मिनिटंच. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, गाव, सिनेमा. ‘ऑडिओ ०४७’ अशा नावाने ठेवलेलं पुन्हा कधीच सापडत नाही. त्याच रात्री वहीत दोन ओळी लिहा आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.

आठवण चुकते, तिथे काय करायचं? आमच्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं की ‘सांगत्ये ऐका’तलं ‘बुगडी माझी सांडली गं’ पडद्यावर हंसा वाडकरांनी केलंय. ते जयश्री गडकरांवर आहे. हंसाबाईंचं पुस्तक त्यांनी आधी वाचलेलं, त्यामुळे डोक्यात त्या सिनेमाचा चेहरा म्हणजे हंसाबाई. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे तोडू नका. आठवण जशी आली तशी लिहा आणि खाली वेगळ्या शाईने खरं काय ते नोंदवा. चूक कशी झाली यातही काही सांगण्यासारखं असतंच.

खरं-खोटं तपासताना

सर्वांत पक्का आधार म्हणजे सिनेमाची स्वतःची श्रेयनामावली. ती थांबवून थांबवून फोनने फोटो काढा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सालाच्या बाबतीत सावध राहा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र एका वर्षीचं आणि प्रदर्शन दुसऱ्या वर्षीचं असलं की दोन ठिकाणी दोन वेगळी सालं छापली जातात. ‘सामना’ कुठे १९७४ तर कुठे १९७५ चा दिसतो. नावांचा घोळ कायमचा: शांता आपटे ‘कुंकू’तल्या, शांता हुबळीकर १९३९ च्या ‘माणूस’मधल्या. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू. बाबूराव पेंढारकर नट, भालजी प्रामुख्याने दिग्दर्शक, तेही भाऊच. आणि ‘आधी बीज एकले’ हे तुकारामाच्या गाथेत शोधू नका. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, पण इतकं अस्सल उतरलं की लोक अभंग म्हणूनच गातात.

लांब राहणारी माणसं

आमच्यातल्या एका जोडप्याची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्यासाठी वर्षातून तीन बैठका आम्ही रविवारी सकाळी आठला घेतो. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. व्हिडिओ कॉलवर सिनेमा दाखवायचा प्रयत्न करू नका, चित्र अडखळतं आणि आवाज मागे राहतो. प्रसंगाची मिनिटं आधी कळवा, सगळ्यांनी आपापल्या घरी बघून यायचं आणि कॉलवर फक्त बोलायचं. तिने तिथल्या मराठी मंडळातली तीन कुटुंबं जोडली. त्यांच्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा दर वेळी ‘आवली’बद्दलच बोलतो.

कपाटातले कागद

वर्षातून एक सहल काढा. साताऱ्याहून पुणे आणि कोल्हापूर आम्हाला जवळपास सारखंच. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. नट म्हणून माहीत असलेल्या माणसाचा ब्रश बघायला मिळतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात काढली तीही याच गावात. १९३३ साली ती पुण्याला गेली. पुण्यात प्रभातच्या जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. दोन्हीकडे आधी फोन करून, वेळ ठरवून जा.

पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुनी नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची, रिळं जळाली. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही सगळा सिनेमा आज आपल्याकडे नाही, काही भागच उरला आहे. म्हणून घरातला प्रत्येक कागद जपा: गाण्याची पुस्तकं, जाहिराती, तिकिटाचा तुकडासुद्धा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, स्टेपलरची गंजकी पिन असेल तर हळूच काढा. कागद आडवा, सपाट, सुती कापडात किंवा जाड कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि ते खोकं स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लावू नका. फोटो काढायचा तर सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला बहुतेकदा पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतं.

काकूंनी मागच्या दिवाळीत त्यांच्या आईची पेटी उघडली. तळाशी घडी घातलेलं एक गाण्याचं पुस्तक निघालं, कडा कुरतडलेल्या. आम्ही ते खिडकीपाशी ठेवून उलटलं. मागे निळ्या पेन्सिलीत दुधाचा हिशेब होता आणि त्याखाली मोडी वळणाच्या मराठीत एक नाव. काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘आईचं माहेरचं नाव आहे.’ फोटोच्या फाइलला आम्ही तेच नाव दिलं.